समोरचा गाडीवाला हात झटकतो तेव्हा : अपघाताची भरपाई कशी वसूल करावी?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पत्र्याची कपाटे आणि टेबलांचे सांगाडे बनविणारा एखादा लहान कारखानदार डोळ्यांसमोर आणा. गाळा भाड्याचा, कामगार सात-आठ, आणि माल पोचवायला स्वतःचा एकच छोटा हत्ती, तोही हप्त्यावर घेतलेला. रंग मारलेला माल भरून गाडी उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराकडे निघते. कोपऱ्यावरच्या कंपनीच्या फाटकातून एक ट्रक मागे न पाहता रिव्हर्स येतो आणि गाडीच्या बाजूवर आदळतो. माल रस्त्यावर पडतो, हेल्परचे मनगट मोडते. ट्रकचा चालक खाली उतरून म्हणतो, "शेठ, तुम्ही आधी पोराला दवाखान्यात न्या. मालकाचा नंबर देतो, ते सगळे भरून देतील." संध्याकाळी तो नंबर लागत नाही. चार दिवसांनी मालक सापडतो तेव्हा तो सांगतो, "चूक तुमच्याच ड्रायव्हरची होती. करा काय करायचे ते."

हिशेब मांडू. गाडीची दुरुस्ती ६२,००० रुपये, खराब झालेला माल ३८,००० रुपये, अकरा दिवस दुसरा टेम्पो भाड्याने लावला त्याचे रोजी २,५०० प्रमाणे २७,५०० रुपये. एकूण १,२७,५०० रुपये, आणि हेल्परचा औषधोपचार वेगळा. लहान धंद्यात ही रक्कम म्हणजे दोन-तीन महिन्यांची कमाई.

अशा वेळी बहुतेक जण दोन चुका करतात. एक तर त्या मालकाच्या मागे फेऱ्या मारत बसतात, किंवा 'समोरच्याची क्लेम फॉर्मवर सही नाही, म्हणून काही मिळणार नाही' असे कोणा एजंटाने सांगितले की गप्प बसतात. हे सांगणे चुकीचे आहे. तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याचा दावा समोरच्या चालकाच्या सहीवर किंवा मर्जीवर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो गाडीच्या नंबरावर, पोलिसांच्या कागदावर आणि तारखेवर. या तीन गोष्टी हातात असतील तर मालक बोलो वा न बोलो, दावा चालतो.

आपल्या वाचकांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. विम्याच्या व्यवहाराबद्दल उलेमांमध्ये मतभेद असल्यामुळे आपल्यातील अनेक व्यापारी बांधव फक्त कायद्याने सक्तीचा असलेला 'थर्ड पार्टी' विमा घेतात आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेत नाहीत. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण अशा बांधवाची गाडी दुसऱ्याने ठोकली तर स्वतःच्या विमा कंपनीकडून त्याला गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. त्याच्यापुढे समोरच्याकडून वसुली करण्याचा एकच रस्ता उरतो. म्हणून हा रस्ता त्याला इतरांपेक्षा अधिक नीट ठाऊक असायला हवा.

पहिल्या दिवशीचे काम

जखमी माणूस प्रथम. सरकारी नोंद असलेल्या रुग्णालयात 'रस्ता अपघात' असे सांगूनच दाखल करावे, म्हणजे कागदावर तसे लिहिले जाते. 'घरी पडला' असे चुकूनही लिहू देऊ नये. पोलिसांचा त्रास नको म्हणून असे लिहून घेणारे पुष्कळ असतात आणि पुढे तोच कागद त्यांच्याविरुद्ध पुढे येतो. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचाराची योजनाही लागू आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च भागतो.

त्यानंतर नंबर. गाडीची पुढची-मागची पाटी, दोन्ही गाड्यांची रस्त्यावरची जागा, टायरच्या खुणा, सांडलेला माल यांचे फोटो गाड्या हलविण्यापूर्वी काढावेत. चालकाने दिलेल्या मोबाईल नंबरावर तिथल्या तिथे रिंग देऊन पाहावी.

एमआयडीसीत आपल्याला एक सोय आहे, ती बाहेरच्या रस्त्यावर नसते. येथे बहुतेक प्रत्येक ट्रक कोणत्या ना कोणत्या कंपनीत माल भरायला किंवा उतरवायला आलेला असतो. त्या कंपनीच्या फाटकावरच्या रजिस्टरात गाडीचा नंबर, चालकाचे नाव, ट्रान्सपोर्टचे नाव आणि वेळ लिहिलेली असते. बिल्टीवर आणि ई-वे बिलावरही गाडीचा नंबर असतो. फाटकावर कॅमेरा असतो. ट्रक पळून गेला तरी त्याचा माग येथे राहतो. मात्र कॅमेऱ्याचे जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीला लेखी पत्र देऊन, अमुक तारखेचे अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवावे अशी विनंती करावी, पत्राची पोच घ्यावी आणि तिची एक प्रत पोलिसांना द्यावी. तोंडी विनंतीला सिक्युरिटीवाला 'साहेबांना विचारतो' म्हणतो आणि आठवडा जातो.

साक्षीदार पुढे येत नाहीत ही नेहमीची तक्रार. त्यांना सांगावे की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याचे नाव आणि नंबर लिहून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

पोलीस ठाण्यात काय मागावे

अंबरनाथ परिसर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात घडला तेथे लेखी फिर्याद द्यावी. माणूस जखमी असेल तर गुन्हा नोंदवावा लागतो. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागू आहे : निष्काळजी वाहन चालविण्यासाठी कलम २८१, आणि त्यातून दुखापत झाली तर कलम १२५. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत आहे, हे फिर्यादीत स्पष्ट यायला हवे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात दाद मिळाली नाही तर फिर्यादीचा मजकूर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी पाठवता येतो आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

आता समोरच्याच्या असहकाराविषयी. कलम १३४ प्रमाणे अपघात करणाऱ्या चालकाने जखमीला उपचार मिळवून देणे, पोलिसांना माहिती देणे आणि आपल्या विमा कंपनीला पॉलिसी क्रमांकासह अपघाताची खबर देणे बंधनकारक आहे. कलम १३३ प्रमाणे गाडी त्या वेळी कोण चालवीत होता हे मालकाने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. कलम १८७ प्रमाणे ही कर्तव्ये न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे 'करा काय करायचे ते' म्हणणारा मालक आपला नव्हे, कायद्याचा असहकार करीत असतो. ही कलमे फिर्यादीत लिहिली की ठाण्यातील बोलण्याचा सूर बदलतो, हा अनुभवाचा भाग आहे.

यापेक्षा उपयोगाचे कलम १६० आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. अपघातातून भरपाई मागण्याचा हक्क आहे असे सांगणाऱ्या माणसाने ठरलेली फी भरून मागणी केली, तर त्या गाडीची ओळख, ती वापरणाऱ्याचे नाव-पत्ता आणि विम्याचा तपशील ही माहिती पोलिसांनी किंवा परिवहन कार्यालयाने दिली पाहिजे. गाडी एम.एच. ०५ ची असेल तर कल्याणच्या आर.टी.ओ.कडे, नाहीतर जेथे नोंद असेल तेथे अर्ज करावा. तोपर्यंत एम-परिवहन या मोबाईल ॲपवर नंबर टाकून पाहावा. विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा हे तेथे बहुधा दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांनाही वेळापत्रक घालून दिले आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, चालक आणि मालक यांच्याकडून त्यांचे फॉर्म तीस दिवसांत भरून घ्यायचे आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत सादर करायचा. चालक-मालक माहिती देत नसतील तर तपास अधिकाऱ्याला न्यायाधिकरणाकडून आदेश मागता येतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम देशभर काटेकोर पाळण्याचे निर्देश दिले. तरीही आपण महिन्याने ठाण्यात जाऊन 'अहवाल गेला का?' असे विचारलेले बरे. फाइल आपोआप चालते असा समज कोणत्याच कचेरीबाबत बाळगू नये.

विमा कंपनी काय म्हणते, आणि त्याला उत्तर काय

समोरच्या विमा कंपनीला रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने कळवावे. सोबत फिर्याद, पंचनामा, फोटो, दुरुस्तीचा अंदाज जोडावा. उत्तर येईल ते बहुधा असे : 'आमच्या विमाधारकाने आम्हाला अपघाताची खबर दिलेली नाही, त्यामुळे दावा विचारात घेता येत नाही.' हे पत्र वाचून अर्धे लोक घरी बसतात.

वास्तविक कलम १५० मध्ये विमा कंपनीला कोणत्या कारणांवर जबाबदारी नाकारता येते त्याची यादीच दिली आहे : चालकाकडे योग्य लायसन नसणे, दारूच्या अमलाखाली गाडी चालविणे, परवान्याविरुद्ध वापर, महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेणे, हप्ता न भरणे आणि अशी काही थोडी. विमाधारकाने खबर दिली नाही, हे कारण त्या यादीत नाही. यादीतील कारणे असली तरी जखमीचे नुकसान होऊ नये म्हणून आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. स्वर्णसिंग खटल्यात ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले. मालक न्यायालयात आलाच नाही तर? तर त्याच्या गैरहजेरीत काम चालते. उलट कलम १७० प्रमाणे अशा वेळी न्यायाधिकरण विमा कंपनीला मालकाच्या जागी सर्व मुद्द्यांवर लढण्याची परवानगी देऊ शकते. म्हणून मालक गैरहजर आहे एवढ्यावर खूष होऊन पुरावा ढिला ठेवू नये. समोर त्याच्याऐवजी कंपनीचा कसलेला वकील उभा राहतो.

एमआयडीसीत निघणारी आणखी एक हरकत म्हणजे 'अपघात सार्वजनिक जागी झालेला नाही.' आनंदनगर किंवा मोरिवलीचे रस्ते सार्वजनिकच आहेत, तेथे प्रश्न नाही. प्रश्न फाटकाच्या आतल्या अपघाताचा. ज्या खासगी आवारात लोकांना परवानगीने ये-जा करता येते तीही 'सार्वजनिक जागा' ठरू शकते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकातच दिला आहे. गेट पास घेऊन आत गेलेल्या गाडीच्या मालकाने तो पास जपून ठेवावा.

दुसरी नेहमीची अडचण : ट्रक विकला गेलेला, पण टी.टी. फॉर्म पुढे सरकलेले नाहीत. पहिला मालक म्हणतो विकला, दुसरा म्हणतो नावावर नाही. नवीनकुमार खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव तोच मालक म्हणून जबाबदार. आपण दोघांनाही दाव्यात प्रतिवादी करावे. आणि ज्या बांधवांनी स्वतःची जुनी गाडी विकून नाव बदलून दिलेले नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

न्यायाधिकरणात

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठाणे येथे आहे. दावा कोठे करायचा ही निवड कायद्याने दावेदाराला दिली आहे : अपघात झाला तेथे, आपण राहतो किंवा धंदा करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे. ट्रक परराज्यातला असला तरी आपल्याला तिकडे जावे लागत नाही. गाडीच्या आणि मालाच्या नुकसानीचा दावाही येथेच करता येतो. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक मालमत्तेचा दावा असेल तर दिवाणी न्यायालयात जाण्याची मुभा आहे, पण लहान धंदेवाल्याला न्यायाधिकरण सोयीचे.

मुदत लक्षात ठेवावी. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ (३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. मालकाच्या मागे फेऱ्या मारण्यात पाच महिने गेलेले लोक शेवटच्या आठवड्यात वकील शोधतात.

पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही. कोणाची चूक अधिक संभवनीय वाटते एवढे पाहिले जाते. सुनीता विरुद्ध राजस्थान परिवहन महामंडळ या २०१९ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट झाले आहे. नुकसानीचा आकडा मात्र कागदानेच सिद्ध होतो. दुरुस्तीचे जी.एस.टी. बिल, मालाचे बिल आणि चलन, भाड्याच्या टेम्पोच्या रोजच्या पावत्या हे सर्व हवे. भाड्याची रक्कम न्यायाधिकरण पूर्ण मान्य करीलच असे नाही, पण पावती नसेल तर विचारही होणार नाही. आपल्याकडे टेम्पोवाल्याला रोख देऊन डायरीत आकडा टाकण्याची सवय आहे. तो आकडा तेथे चालत नाही. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते, हेही आपल्या हिशेबनीसाला वेळेवर सांगावे.

हेल्परचा दावा त्याच्या स्वतःच्या नावाने, वेगळा. त्याला कलम १६६ खाली चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागता येते, किंवा कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता ठरीव रक्कम : गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास पाच लाख. कोणता मार्ग घ्यायचा ते वकिलाशी बोलून दावा करण्यापूर्वी ठरवावे.

कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीने अपघाताची माहिती मिळाल्यावर अधिकारी नेमून तीस दिवसांत तडजोडीचा देकार न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. तो मान्य केला तर नोंद झाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत पैसे. देकार कमी वाटला तर नाकारून दावा पुढे चालवता येतो. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत साधारणतः साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. विमा लोकपालाकडे जाण्याचा सल्ला काही जण देतात. पण तो मार्ग स्वतःच्या विमा कंपनीविरुद्ध आहे, समोरच्याच्या कंपनीविरुद्ध नाही.

विमाच नसेल, किंवा नंबरच मिळाला नसेल

ट्रकचा विमा संपलेला निघाला तर मालक स्वतः जबाबदार. अशा वेळी खरी किल्ली गाडी पोलिसांच्या ताब्यात असते तेव्हाच फिरवायची असते. २०१८ साली उषादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विमा नसलेली अपघाती गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये. म्हणून गाडी सुटण्यापूर्वी न्यायालयात वकिलामार्फत हरकत द्यावी. गाडी एकदा सुटली की मालकाचा फोन पुन्हा लागेनासा होतो.

नंबर अजिबात मिळाला नाही तर 'हिट ॲण्ड रन' योजना आहे : मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज त्या भागाच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. गाडीच्या वा मालाच्या नुकसानीला मात्र यात काही मिळत नाही.

स्वतःचा पूर्ण विमा असेल तर

आपल्या कंपनीकडून दुरुस्ती घेणे हा लवकरचा मार्ग, आणि त्याला समोरच्याची गरज नाही. पण पूर्ण पैसे मिळतात असे समजू नये. वरच्या ६२,००० मध्ये मजुरी २२,०००, काच ४,०००, प्लॅस्टिक-रबर १०,००० आणि लोखंडी भाग २६,००० धरू. गाडी साडेतीन वर्षांची. काचेला घट नाही, प्लॅस्टिक-रबराला निम्मी म्हणजे ५,०००, लोखंडी भागांना पंचवीस टक्के म्हणजे ६,५००. इतके ११,५०० आपल्या खिशातून, शिवाय पॉलिसीतील सक्तीची वजावट. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आय.एम.टी. २३ हे कलम जादा हप्ता देऊन घेतलेले नसेल तर दिवे, बंपर, मडगार्ड आणि रंगकाम यांचे पैसेही कापले जातात. पुढच्या वर्षी नो-क्लेम बोनस जातो. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात १२,००० वर ४५ टक्के सूट मिळत असेल, तर ५,४०० रुपये तेथे गेले. तरीही दुरुस्ती मोठी असेल तर हाच मार्ग बरा. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घेता येत नाहीत. कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' व्हाउचरवर सही करण्यापूर्वी उरलेली मागणी समोरच्यावर राखून ठेवता येते का हे वकिलाला दाखवावे.

स्वतःचा दावा करायचा नसला तरी आपल्या विमा कंपनीला अपघात कळवून ठेवावा. चार महिन्यांनी समोरचा मालकच आपल्यावर दावा करील, याचा नेम नसतो.

राहिली मांडवली. पंधरा दिवसांनी तो मालक कोणा ओळखीच्या माणसाला मध्ये घालून ३०,००० घेऊन या म्हणेल. पैसे घेणे चूक नाही, पण कागद वाचून घ्यावे. त्या कागदात 'अपघाताबाबत कोणतीही तक्रार उरली नाही' असे वाक्य हमखास असते आणि खाली आपली सही. हेल्परच्या दुखापतीची तडजोड मालक म्हणून आपण करू शकत नाही. तो हक्क त्याचा आहे. म्हणून कागदावर फक्त 'गाडीच्या दुरुस्तीपोटी रुपये इतके मिळाले' एवढेच लिहावे, माल, भाडे आणि जखमीचा दावा वेगळा राखून ठेवल्याचे नमूद करावे आणि रक्कम रोख न घेता बँकेतून घ्यावी.